झांग यिमोने वाट बदलली की बाजू?

शेवटची_रांग:
काल चिनी दिग्दर्शक झांग यिमोचा 'हीरो' (२००२) परत पाहिला आणि चिडचिड झाली. 'स्टोरी ऑफ किऊ जू'मधली (१९९२) गरोदर बाई आठवतेय? गावच्या प्रमुखाने नवऱ्याला लाथ घातली म्हणून ती थेट शहरापर्यंत खेटे घालते. पैसे नकोत, चूक कबूल करा, एवढंच मागणं. दहा वर्षांनी त्याच दिग्दर्शकाचा मारेकरी राजापासून दहा पावलांवर पोचतो आणि राज्य एक व्हावं म्हणून हात आवरतो! गावाकडची गोष्ट, तलवारबाजी, हेरपट, काय वाट्टेल ते कर बाबा. पण या फिरतीत हा गडी बाजू बदलून आला. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकचं उद्घाटन त्यानेच बसवलं याचं मला नवल वाटलं नाही.

कोजागरी:
साफ चूक. तो मुळात कॅमेरामन. 'यलो अर्थ'चं (१९८४) छायाचित्रण त्याचं, आणि त्याच्याही आधी सूतगिरणीत कामगार. 'जू दौ'मध्ये रंगाऱ्याच्या कारखान्यात उंचावरून सरसर सुटणारे तागे बघा. 'हीरो'त तीच गोष्ट लाल, निळी, पांढरी होऊन पुन्हा येते. 'शॅडो'त (२०१८) रंगच काढून घेतला, उरला पाऊस आणि शाई. प्रकार कुठला का असेना, हा कापडच रंगवतोय.
(अवांतर: 'रेड सोरघम'मधलं सोरघम म्हणजे आपली ज्वारी. आपण भाकरी थापतो, ते दारू गाळतात.)

शेवटची_रांग:
ताई, रंगाला कोण नाही म्हणतंय? 'कर्स ऑफ द गोल्डन फ्लॉवर'मध्ये सोनं एवढं चमकतं की माणूसच दिसत नाही. 'नॉट वन लेस'मध्ये (१९९९) १३ वर्षांची मास्तरीण पोरांना घेऊन विटा वाहते, बसभाड्याचा हिशेब फळ्यावर मांडते. तिथे कुठला रंग लागला?

अर्धं_तिकीट:
इथे बसून धाडसाची मापं काढणं सोपं आहे. 'टू लिव्ह'ला १९९४ साली कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री मिळालं आणि चीनमध्ये तो दाखवूच दिला नाही. 'वन सेकंद' २०१९ साली बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेतून 'तांत्रिक कारण' सांगून ऐन वेळी मागे घेतला. गोष्ट काय, तर माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीतला पळालेला कैदी, वार्तापटात लेक क्षणभर दिसते म्हणून त्या रिळामागे वणवण फिरतो. बाजू बदललेला माणूस सत्तरीला टेकल्यावर हा विषय उकरेल?

शेवटची_रांग:
'वन सेकंद'चं मान्य, तो मी धरलाच नव्हता. पण मग 'फुल रिव्हर रेड' (२०२३)? दोन तास मस्त विनोदी रहस्यपट चाललाय, आणि शेवटी अख्खं सैन्य छाती फुगवून देशभक्तीची कविता म्हणतंय.

कोजागरी:
ती कविता वदवून घ्यायला किती साधे शिपाई जिवाला मुकले, ते मोजलंत का? वजीर कोण आणि प्यादी कोण, हे तो तिथेही विसरलेला नाही.

अर्धं_तिकीट:
त्याच्या फसलेल्या 'द ग्रेट वॉल'चा विषय कुणी काढणार नसेल तर मी चहा टाकतो.