मदत हवी आहे : गरम झालेला छोटा ट्रॅक्टर पुन्हा सुरू होत नाही

करवीरचा_ऊसकरी
नमस्कार. माझा छोटा ट्रॅक्टर सकाळी पहिल्याच झटक्यात सुरू होतो, अर्धा-पाऊण तास व्यवस्थित चालतो, मग आचके देत बंद पडतो आणि त्यानंतर निवेपर्यंत काही केल्या सुरू होत नाही. सुरू हंगामातल्या उसाची मोठी भरणी, म्हणजे बुडाला माती चढवण्याचे काम, अर्ध्यावर अडकली आहे, वळीव दोनदा हुलकावणी देऊन गेला आहे आणि एकदा रान भिजले की सरीत चाक घालता येणार नाही. प्लग नवा टाकला, कॉइलही बदलली. मेकॅनिकला दाखवा असे कृपया कोणी सांगू नये. तो दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा यंत्र थंड असल्यामुळे त्याच्यासमोर मुकाट्याने सुरू झाले.

पन्हाळा_पायथा
डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरली की नेमके असेच होते. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करावा, हातपंप मारत राहावे आणि फेस जाऊन डिझेलची अखंड धार आली की स्क्रू आवळावा. २०१९ च्या महापुरात माझा ट्रॅक्टर पाण्यात होता, तेव्हापासून हे काम मी डोळे मिटून करतो.

उद्यमनगरचा_फिटर
दादा, त्यांनी प्लग आणि कॉइल हे ठिणगीचे भाग बदलल्याचे लिहिले आहे, म्हणजे इंजिन पेट्रोलचे असणार. करवीरकर, इंजिन किती अश्वशक्तीचे आहे, दोरीचे आहे की सेल्फचे, आणि बंद पडल्यावर लगेच प्लग काढून पाहिला तर तो ओला असतो की कोरडा, एवढे सांगा.

करवीरचा_ऊसकरी
अर्थातच पेट्रोलचे, दोरीचे, सात अश्वशक्तीचे. मागून दांड्या धरून चालवायचे यंत्र आहे. आमच्या गावात सगळे त्याला छोटा ट्रॅक्टरच म्हणतात. प्लग कोरडा असतो.

पन्हाळा_पायथा
त्याला पॉवर वीडर म्हणतात. ट्रॅक्टरवर बसता येते.

शिरोळ_पूर्वभाग
सगळा दोष पेट्रोलचा आहे. आता त्यात २० टक्के इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि यंत्र महिनाभर उभे राहिले की कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या भागाच्या, वाटीत पाणी साचते. आपणच पिकवलेला ऊस कारखान्यातून इथेनॉल होऊन आपल्याच यंत्राच्या मुळावर येतो, याला काय म्हणावे? टाकी रिकामी करा, वाटी धुवा आणि काम संपल्यावर टाकीत पेट्रोल ठेवू नका.

उद्यमनगरचा_फिटर
पेट्रोल साठवून ठेवू नये हे खरेच आहे. परंतु वाटीत पाणी असते तर इंजिन सकाळी थंड असतानाच अडखळले असते.

जयसिंगपूरकर
माझ्या यंत्रात ऑइल कमी झाले होते. आत ऑइलचा सेन्सर असतो आणि पातळी खाली गेली की तो ठिणगीच बंद करतो. मी विनाकारण प्लगची फट ०.७ मिलिमीटर की ०.८ यावर दोन दिवस घालवले.

उद्यमनगरचा_फिटर
ठिणगी तुटली की इंजिन एकदम बंद पडते, आचके देत नाही. शिवाय ठिणगी नसताना वीस वेळा दोरी ओढली तर प्लग पेट्रोलने ओला व्हायला हवा. यांचा प्लग कोरडा आहे, म्हणजे पेट्रोलच खाली उतरत नाही. करवीरकर, पुन्हा सुरू होण्यापूर्वी तुम्ही नक्की काय काय करता, ते क्रमाने लिहा. क्षुल्लक वाटले तरी गाळू नका.

करवीरचा_ऊसकरी
काहीच करत नाही. बांधावर बसून चहा पितो, इंजिन निवले की टाकीत थोडे पेट्रोल घालतो आणि दोरी ओढतो. दुसऱ्या-तिसऱ्या झटक्यात सुरू होते, म्हणूनच तर मी म्हणतो की दोष उष्णतेचा आहे.

उद्यमनगरचा_फिटर
ते चहामुळे किंवा निवल्यामुळे सुरू होत नसावे. तुम्ही झाकण उघडता म्हणून सुरू होत असावे. या यंत्रात टाकी वर आणि कार्ब्युरेटर खाली असतो, पेट्रोल केवळ स्वतःच्या वजनाने उतरते, आणि जेवढे उतरेल तेवढी हवा झाकणाच्या बारीक भोकातून आत यावी लागते. ते भोक बुजले की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल जागच्या जागी अडकते. उद्या बंद पडल्यावर दुसरे काहीही करू नका, फक्त झाकण अर्धा आटा सैल करा आणि दोन मिनिटे थांबा.

शिरोळ_पूर्वभाग
भोक बुजले असते तर पाच मिनिटांत बंद पडले असते. अर्धा तास कसे चालेल?

उद्यमनगरचा_फिटर
पूर्ण हवाबंद असते तर तसेच झाले असते. आट्यांमधून थोडी हवा झिरपते, तेवढ्यावर ते काही काळ निभावते.

करवीरचा_ऊसकरी
आज तिसऱ्या सरीच्या मध्यावर बंद पडले. झाकण सैल करताच फुस्स असा आवाज झाला आणि मोजून दोन मिनिटांनी, इंजिनाला हात लावता येत नव्हता तरी, दुसऱ्या झटक्यात सुरू झाले. झाकण उलटे करून पाहिले तेव्हा लक्षात आले की सरीत यंत्र उसळले की पेट्रोल ठिबकायचे, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला मीच सायकलच्या ट्यूबची गोल चकती कापून आत बसवली होती. ती बरोबर भोकावर बसली आहे. हे सांगण्यासारखे असेल असे वाटले नव्हते.

जयसिंगपूरकर
झाकणाला सुईने आणखी एक भोक पाडा, काम झाले.

उद्यमनगरचा_फिटर
असे अजिबात करू नका. अशा भोकातून पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर उडाले तर भडका उडेल आणि धूळ आत जाईल ती वेगळीच. चकती काढून टाका आणि त्याच मापाचे नवे झाकण वायसरसकट आणा.

करवीरचा_ऊसकरी
झाकण आणले, राहिलेल्या सहा सऱ्या न थांबता झाल्या. आता एकच विचारायचे आहे : बदललेली जुनी कॉइल चांगलीच होती, तर दुकानदार नवी परत घेईल का?

उद्यमनगरचा_फिटर
बसवलेला विजेचा भाग कोणी परत घेत नाही. जुनी कोरड्या जागी गुंडाळून ठेवा.

पन्हाळा_पायथा
डिझेलचे असते तर हा प्रश्नच आला नसता.