अनुभव धागा : आमच्या बोन्साय मंडळाची वाटचाल

आपल्या मंडळाची मासिक सभा आजवर कोणाच्या ना कोणाच्या गच्चीवर भरत आली आहे. इतिवृत्त लिहिण्याची सवय मात्र आपल्यापैकी कोणालाच नव्हती, त्यामुळे मंडळाचा इतिहास कागदांपेक्षा कुंड्यांतच अधिक सापडतो. जुन्या-नव्या सभासदांनी आपापले अनुभव येथे लिहावेत. केवळ कौतुक नको. कोणते झाड, कोणती माती आणि कोणत्या महिन्यात काय केले, हे आले तर नव्यांना उपयोग होईल.
– संयोजक, पुणे

आरंभापासूनचे सभासद, पुणे

सुरुवातीला आमच्या हाताशी होती ती परदेशी पुस्तके, आणि त्यांतले वेळापत्रक होते जपानच्या ऋतूंचे. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतून बाहेर पडलेल्या बोन्साय व्यावसायिकांनी १९२५ पासून जवळच्या ओमिया येथे वसाहत उभी केली. तेथे हिवाळ्यात तापमान शून्याखाली उतरते, झाडे विश्रांती घेतात आणि वसंताच्या तोंडावर कुंड्या बदलल्या जातात. पुण्यातल्या वडाला तशी विश्रांती ठाऊकच नाही. पाइन आणि ज्युनिपर या थंड हवेतल्या झाडांचा मोह सोडून वड, पिंपळ, नांदरुक, उंबर, चिंच आणि बोगनवेल यांच्याकडे वळणे, हा माझ्या मते मंडळाचा पहिला शहाणा निर्णय होता. कुंड्या बदलण्याचे काम आम्ही उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून पावसाच्या पहिल्या सरींपर्यंत करू लागलो, कारण त्या काळात या झाडांची मुळे जोमाने फुटतात.

मातीचेही तसेच झाले. जपानी आकादामा माती परवडणारी नव्हती, म्हणून विटांचे तुकडे चाळून त्यांतली धूळ टाकून द्यायची, मोठे खडे तळाशी घालायचे आणि बारीक खड्यांत जाड वाळू, कुजलेले शेणखत व थोडी निंबोळी पेंड मिसळायची, असे मिश्रण ठरले. साऱ्यांनी मिळून माल आणल्याने खर्चही वाटला जाई. उथळ कुंड्या कुंभाराकडून सांगून करून घेतल्या. मात्र तळाला इतकी मोठी भोके असलेली कुंडी ही चांगली कुंडी असते, हे त्याला पटवताना आमची वाचा बसायची वेळ आली.

झाडे कोठून आणली, असे नवे लोक विचारतात. पुष्कळशी जुन्या बांधकामांच्या भिंतींतून आणली. पाडकामाची बातमी लागली की मालकाची परवानगी घेऊन आम्ही जात असू. भेगेत वाढलेल्या वडा-पिंपळाचा बुंधा आधीच चपटा, वाकडा आणि जुनाट झालेला असतो; तसा आकार फांद्यांना तार गुंडाळून आणायचा तर फार वर्षे लागतात.

गृहिणी, पुणे

वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या तोडलेल्या फांद्या विकायला येतात, हे माझ्या सासूबाईंना कधीच रुचले नाही. मी मंडळात जाऊ लागल्यावर त्यांनी गच्चीवरच्या वडालाच सूत गुंडाळले आणि पुढे शेजारच्या बायकाही येऊ लागल्या. घरात बोन्साय अशुभ असते, असे याच बायका मला पूर्वी ऐकवत असत.

सभासद, पूर्वी पुणे, आता रत्नागिरी

पुण्याच्या कोरड्या हवेत पारंब्यांसाठी किती खटपट करावी लागे! फुटलेली कोवळी पारंबी ओलसर शेवाळ भरलेल्या नळीतून मातीपर्यंत उतरवायची आणि ती सुकणार नाही याची काळजी घ्यायची. येथे जून लागला की पारंब्या आपोआप लोंबू लागतात. अडचण उलटीच आहे. सततच्या पावसात माती दाटली तर मुळे कुजतात, म्हणून मी मिश्रणात शेणखत कमी आणि खडे अधिक घालतो. चिंच आणि जाड खोडात पाणी साठवणारे अडेनियम मात्र छपराखालीच ठेवावीत.

वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका

बोन्साय म्हणजे झाडाचा छळ, हा आक्षेप मी स्वतःही मंडळात मांडला होता आणि तो आजही टाळण्याजोगा वाटत नाही. पण उपाशी ठेवलेले झाड खुजे होत नाही, मरते. जाड मुळे छाटल्यावर बारीक, अन्नपाणी शोषणारी मुळे वाढतात आणि त्यांच्यावरच झाड उथळ कुंडीत तग धरते. त्याची जात बदललेली नसते. जमिनीत लावले तर ते पुन्हा उंच वाढू लागते. पाने लहान करता येतात, फळ नाही, म्हणून कुंडीतल्या वीतभर चिंचेलाही चिंच लागते ती नेहमीच्याच आकाराची. मला खटकते ते वेगळेच. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील जानेवारीच्या पुष्पप्रदर्शनासाठी काही जण आयत्या वेळी मातीवर शेवाळ पसरतात. त्याने पाहणाऱ्याचे डोळे निवतात, झाडाचे काहीच भले होत नाही.

सभासद, मेरीलँड, अमेरिका

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात एक जपानी पांढरा पाइन आहे, जो १६२५ पासून कुंडीत वाढवला गेला आहे. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तो तेथेच, यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत होता. १९७६ मध्ये मासारू यामाकी यांनी तो अमेरिकेला भेट दिला आणि त्याची ही हकिकत २००१ मध्ये त्यांचे नातू आले तेव्हा संग्रहालयाला कळली. तो पाहताना मला आपल्या मंडळातील झाडांच्या वाटपाची आठवण झाली. माझ्याकडचा नांदरुक येथे हिवाळाभर खिडकीत असतो.

सभासद, पुणे

वर ज्या वाटपाचा उल्लेख आला आहे, त्याविषयी लिहितो. आमच्यातील एक ज्येष्ठ सभासद वारले तेव्हा त्यांच्या गच्चीवरच्या झाडांना एप्रिलच्या उन्हात दोन वेळा पाणी लागत होते आणि दुःखात असलेल्या घरच्यांकडून ती अपेक्षा करणे गैर होते. पहिले काही आठवडे आम्ही पाळ्या लावल्या. पुढे त्यांच्या पत्नींच्या इच्छेने एक वड त्यांच्याकडे ठेवून बाकीची झाडे सभासदांनी घेतली. कोणी काय घ्यायचे, हे झाडाच्या देखण्या रूपावर न ठरवता कोणाच्या गच्चीवर किती ऊन येते त्यावर ठरले. काही वाद झाले, ते येथे लिहीत नाही. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या कुंड्यांची यादी करून, प्रत्येक झाडापुढे ते पुढे कोणाकडे जावे हे लिहून ठेवावे, असे ठरले. अर्ध्या लोकांनी ते अजून केलेले नाही.

नवी सभासद

जपानी बोन्साय गुरू सबुरो कातो यांच्या स्मरणार्थ मेच्या दुसऱ्या शनिवारी जागतिक बोन्साय दिन असतो. त्या दिवशी मंडळात वडाची सर्व पाने देठ राखून काढण्याचे प्रात्यक्षिक पाहिले. नवी पाने लहान येतात आणि फांद्याही दाट होतात. नुकतीच कुंडी बदललेल्या किंवा अशक्त झाडावर हे करू नये, असे मला बजावण्यात आले आहे. माझा छोटा पिंपळ अजून तेवढा सशक्त नाही, त्यामुळे या वर्षी त्याला हात लावणार नाही.