आजोबांचं ‘वडनेर’ नेमकं कोणतं? जुन्या नोंदी कुठे शोधायच्या?

गोदाकाठकर
नमस्कार मंडळी. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव नुसतं ‘वडनेर’ आहे, तालुका नाही. जन्म १९१५. आपल्या नाशिक जिल्ह्यातच वडनेर भैरव (चांदवड), वडनेर खाकुर्डी (मालेगाव) आणि वडनेर दुमाला (नाशिक) आहेत. घरात जमिनीचा एकही कागद नाही. पणजोबांचं नाव माहीत आहे, त्यामागचं काहीच नाही. सुरुवात रामकुंडावरच्या उपाध्यांच्या (तीर्थावरच्या पुरोहितांच्या) वंशावळीच्या वह्यांपासून करावी की तहसीलपासून? जुनी मोडी लिपी येत नाही.

जुनंदप्तर
दोन्हीच्या आधी शाळा. दाखला हा उतारा असतो आणि उतरवताना रकाने गळतात. मूळ जनरल रजिस्टर बघायला मागा. पालकाचं नाव, आधीची शाळा यावरून तालुका सापडू शकतो. नाहीच सापडला तर तिन्ही गावांच्या मतदार याद्या उतरवून घ्या आणि तुमच्या आडनावाची घरं कुठे दाट आहेत ते पाहा. कुलदैवतावरून गाव ठरवू नका, सप्तशृंगी आणि खंडोबा अर्ध्या जिल्ह्याचे आहेत.

गाव ठरलं की तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, गावची जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही. नकलेच्या अर्जात एकच साल टाकलं तर ‘नोंद आढळून येत नाही’ हे उत्तर ठरलेलं. शाळेतली तारीख पुष्कळदा गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते (१ जून असेल तर खात्रीच धरा!), म्हणून १९०८ ते १९२० असा पट्टा मागा. बाळाचं नाव शोधत बसू नका. जन्माच्या नोंदीत बहुधा बापाचं नाव आणि पुढे ‘मुलगा’ एवढंच असतं. आडनावही बऱ्याचदा नसतं. पणजोबांच्या नावावरच बोट ठेवून पानं चाळायची.

जमीन विकली तरी फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, राहतात. गावातल्या भाऊबंदांचा ८अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) मिळवा, त्यावरून सातबारा, सातबाऱ्यावरच्या वर्तुळातल्या क्रमांकावरून फेरफार, आणि तसंच एकेक पायरी मागे. वारसाच्या फेरफारात मयताची तारीख आणि सगळे वारस येतात, १९५६ नंतरच्या फेरफारांत लग्न झालेल्या मुलीसुद्धा. नाशिकचे जुने सातबारे आणि फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले आहेत. दोन ठिकाणी माणसं अडकतात. एक, जमिनींच्या एकत्रीकरणात (तुकडे जोडताना) सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे आजचा गट जुन्या कागदावर दिसत नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता घ्यावा लागतो. दुसरं, ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून फक्त थोरल्या भावाचं नाव लागायचं. पणजोबा धाकटे असतील तर सातबाऱ्यावर दिसणारच नाहीत. थोरल्याचा माग काढा.

पंचवटीकर
वह्यांबद्दल. उपाध्ये गावांवर वाटलेले आहेत, त्यात काही ठिकाणी आडनाव आणि जातही बघतात. रामकुंडावर ‘वडनेरचे उपाध्ये कोण’ विचाराल तर तीन बोटं तीन दिशांना जातील, म्हणून तालुका आधी ठरवाच. नोंद येणाऱ्याच्या नावाने होते. पणजोबा स्वतः कधी आले नसतील, पण त्यांचा चुलतभाऊ अस्थी घेऊन आला असेल तर सगळं कूळ त्याच पानावर सापडतं. तेव्हा भावांची, चुलत्यांची, त्यांच्या मुलांची नावं लिहून न्या. नोंद जशी आहे तशी, अशुद्ध लेखनासकट उतरवा. फोटो विचारल्याशिवाय काढू नका, बऱ्याच जणांना चालत नाही. पितृपक्ष, पर्वणी आणि सकाळची वेळ टाळा. त्र्यंबकच्या वह्या वेगळ्या, तिथे पुन्हा विचारायचं.

बोरूवाला
जुन्या नोंदी मोडीत असतील. मोडीत शब्द तोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. गावाचं आणि महिन्याचं नाव आधी लावा. त्यातून त्या लेखकाची अक्षरं कळतात, माणसांची नावं शेवटी वाचा. ‘बिन’ म्हणजे चा मुलगा, ‘कोम’ म्हणजे ची बायको. ‘सखू कोम राणू’ला सखूचा बाप राणू समजलात की पुढची सगळी वंशावळ वाकडी जाते.

शकात सरसकट ७८ मिळवू नका. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ लागतात: माघ शके १८०१ म्हणजे १८८०. फसली (महसुली) सालात ५९० मिळवा; फसली १२९० जून १८८० ला सुरू होतं.

गोदाकाठकर
खूप उपयोगी. पुण्याच्या पुरालेखागारात जाऊन काही हाती लागेल का?

जुनंदप्तर
घरात पाटीलकी, कुलकर्ण किंवा इनाम असेल तरच. साध्या कुळाची नावं तिथल्या रुमालांत (कागदांच्या गठ्ठ्यांत) शोधणं फार जिकिरीचं. गेलातच तर एक बघा: नाशिक जिल्हा १८६९ चा. त्याआधी मालेगाव खानदेशात होतं आणि चांदवड नगरकडे, तेही कागदात ‘चांदोर’. खाकुर्डीचं वडनेर निघालं तर खानदेशाचे कागद मागा, भैरवाचं निघालं तर नगरचे.