टीममधे कुणी मोकळेपणाने बोलतच नाही, काय करावं?

प्रश्न:
नवीनच टीम लीड झालोय. कामं होतात पण मीटिंगमधे सगळे गप्प, अडचण आली तरी शेवटच्या दिवसापर्यंत कुणी सांगत नाही आणि मग सगळ्यांचीच धावपळ. एकमेकांचा आधार वाटेल असं वातावरण कसं तयार करायचं? पार्टी, गेम्स करून झाले, काही फरक नाही.

उत्तर १:
पार्टीने नाही होत हो हे. चूक सांगितली तर आपल्यावरच येईल ही भीती असते. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी हॉस्पिटलमधल्या टीम्स अभ्यासल्या तेव्हा चांगल्या टीम्समधे चुकांची नोंद उलट जास्त सापडली, म्हणजे तिथे चुका जास्त होत होत्या असं नाही, लोक त्या लपवत नव्हते. गूगलनेही १८० टीम्स तपासल्या, तर टीममधे कोण आहे यापेक्षा ते एकमेकांशी कसं वागतात हेच महत्त्वाचं निघालं. कुणी वाईट बातमी घेऊन आलं की तुमचं पहिलं वाक्य काय येतं तिकडे सगळ्यांचं लक्ष असतं. "बरं झालं आत्ताच सांगितलंस" एवढं म्हणा, मग पुढचं बोला.

उत्तर २:
+१. शिवाय दर आठवड्याला प्रत्येकाशी वेगळं बसून बोला, पण स्टेटस विचारू नका, ते मेलवर येतंच. कशात अडकलायस, माझ्याकडून काय हवंय, बस. आणि त्यातली एकतरी गोष्ट लगेच करून दाखवा नाहीतर पुढच्या वेळी कोण कशाला सांगेल?

उत्तर ३:
मीटिंगमधे तुमचं मत शेवटी मांडा, लीड आधी बोलला की बाकीचे नुसती मान डोलावतात. आणि रजेवरच्या माणसाला फोन करू नका प्लीज.