मदत हवी आहे: ब्लेंडरमध्ये रंगीत काचेचा कवडसा

वाड्याच्या दिवाणखान्याचा सीन आहे, ब्लेंडर ४.२ (थ्रीडी सॉफ्टवेअर), रेंडर सायकल्सवर (त्यातलं प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र बनवणारं इंजिन). खिडकीला ५ मिमी जाडीच्या लाल-हिरव्या काचा, मटेरियल ग्लास बीएसडीएफ (काचेसारखा किरण वाकवणारा शेडर). बाहेर सन लाइट आणि आकाशासाठी एचडीआरआय (सभोवतालचा प्रकाश देणारं चित्र).

रिफ्रॅक्टिव्ह कॉस्टिक्स (काचेतून वाकून पडणारा प्रकाश) बंद ठेवले की खोली काळीकुट्ट. चालू केले की फरशीभर पांढरे ठिपके. क्लॅम्प इनडायरेक्ट (उसळून आलेल्या प्रकाशाच्या तेजाची मर्यादा) १० वरून २ वर आणला तर ठिपके जातात, पण कवडसाही फिका पडतो.

म्हणून लाइट पाथ नोडमधला इज शॅडो रे (किरण सावली तपासणारा आहे का ते सांगणारा आउटपुट) मिक्स शेडरच्या (दोन शेडर मिसळणाऱ्या नोडच्या) फॅक्टरला दिला आणि दुसऱ्या सॉकेटला ट्रान्सपरंट बीएसडीएफ (किरण सरळ आरपार सोडणारा शेडर) जोडला. कवडसा स्वच्छ आला. काचेला दोन पृष्ठभाग असल्याने रंग दोनदा गुणला जाऊन गडद होत होता. गॅमा नोड ०.५ (म्हणजे रंगाचं वर्गमूळ) ठेवल्यावर तेही जुळलं.

अडलंय ते पुढे. काचेवर उठावाची वेलबुट्टी आहे आणि ट्रान्सपरंट किरण वाकवत नाही, त्यामुळे फरशीवर नुसता सपाट रंग पडतो. ती नक्षी कवडशात उमटायलाच हवी, सगळा सीन तिच्यासाठीच आहे.

शॅडो कॉस्टिक्स (काचेच्या सावलीत वाकलेला प्रकाश दाखवणारी सेटिंग) सन लाइट, काच आणि फरशी तिन्हींवर लावून हे जमेल का? बंप नोड (उठावाचा नुसता भास देणारा) पुरतो, की नक्षी मेशमध्येच (मॉडेलच्या खऱ्या आकारात) कोरावी लागते? कोपरे अजून अंधारे आहेत. तिथे इज डिफ्यूज रेही (पृष्ठभागावरून विखुरलेला किरण ओळखणारा आउटपुट) मॅक्सिममने (दोन्हींतली मोठी किंमत घेऊन) जोडावा का? नोडचा स्क्रीनशॉट दिलात तर फार मदत होईल.