दांडिया बाजारात 20 बाय 10 चं होर्डिंग, दिवाळी फराळासाठी: कल्पना कशी शोधायची?

प्रश्न (सूरसागर_काठ):
बडोद्यात फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका महिला गटासाठी होर्डिंग करायचं आहे. जागा दांडिया बाजार, कोजागिरी ते धनत्रयोदशी. आत्ताचा मसुदा असा: वर "घरगुती चव, दिवाळीचा गोडवा", बाजूला पणती, रांगोळी, फराळाचं ताट, खाली 11 पदार्थांची यादी आणि दोन फोन नंबर. त्या दिवसांत शहरातले निम्मे फलक असेच दिसतात. वेगळं काही सुचायला सुरुवात कुठून करायची? कृपया नेमकं सांगा.

ओळ_आणि_रेघ:
सुरुवात स्वयंपाकघरापासून करा. दुसऱ्यांच्या जाहिराती बघत बसलात तर त्यांचीच पणती तुमच्या फलकावर येईल.

पदार्थ करणाऱ्या बायकांशी तासभर बोला आणि त्यांची वाक्यं त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. साठ-सत्तर वाक्यं तरी हवीत. मग शेजारचा फरसाणवालाही जे वाक्य म्हणू शकेल ते खोडा. ताजं, शुद्ध, घरगुती, पारंपरिक ही सगळी मंडळी इथेच जातील. खरा माल उरलेल्या चार-पाच वाक्यांत असतो.

अनारशाचंच बघा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत फडक्यावर निथळून दमट असतानाच दळायचे, गूळ घालून पीठ चार-पाच दिवस मुरवायचं. खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तळायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप सोडायचं. आणि गूळ जास्त झाला किंवा पीठ सैल राहिलं की तो तुपात पसरून विरघळतो. त्याला आपल्या घरांत काय म्हणतात? अनारसा हसला!

झालं की मथळ्याचं काम: आमचा अनारसा हसत नाही.

ज्या बाईचा घाणा एकदा तरी हसला आहे ती हा फलक वाचून थांबणारच. यादीतले बाकीचे दहा पदार्थ काढून टाका. फेविकॉलच्या जाहिराती वर्षानुवर्षं एवढंच सांगत आल्या की चिकटलेलं सुटत नाही. पीयूष पांडे यांच्या ओगिल्व्ही या जाहिरात संस्थेने केलेल्या त्या बसच्या जाहिरातीत माणसं बाहेरून लगडलेली आहेत, कुणी पडत नाही, आणि मागे फेविकॉलचा फलक आहे. गोंदाचे इतर गुण कुणी मोजत बसलं नाही.

रावपुरा_1:
मथळा फार आवडला, पण एक अडचण आहे. "हसला" हे गुजराती गिऱ्हाइकाला कळणार नाही. दांडिया बाजारात मराठी वस्ती जुनी आहे म्हणून तिथे चालेल. हाच फलक अलकापुरीत लावाल तर वाया जाईल. तिथे भाषांतर करू नका, गुजराती स्वयंपाकघरातून दुसरी कल्पना काढा.

एक भर सुचवतो. कोजागिरी ते धनत्रयोदशी साधारण 13 दिवस मिळतात, अनारशाचं पीठ तयार व्हायला आठ लागतात. मग फलकच रोज पुढे सरकू द्या. मथळा कायम, खाली एक पट्टी बदलत जाईल: "तांदूळ भिजले", "पाणी बदललं", "गूळ मिसळला", "आता तळतोय". शेजारच्या आणंदच्या अमूलचं हेच तंत्र आहे. सिल्व्हेस्टर दा कुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस यांनी 1966 मध्ये आणलेली ती ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी तशीच राहते, ओळ बदलते, आणि लोक पुढच्या ओळीची वाट बघतात. पट्टीवर लिहाल ते खरंच त्या दिवशी स्वयंपाकघरात चाललेलं असलं पाहिजे, ही अट मात्र पाळा. ऑर्डरी "गूळ मिसळला"पर्यंतच घ्या, त्यानंतर पीठ वाढवता येत नाही.

मोजमाप: डावीकडे 8 फूट अनारशाची जाळी, अगदी जवळून, कडेला कापलेली चालेल. उजवीकडे 12 फूट मजकूर. ताशी 30 किमीने येणारं वाहन सेकंदाला सव्वाआठ मीटर कापतं, म्हणजे 50 मीटरवरून सहा सेकंद मिळतात, आणि त्यातले दोन-तीनच फलकाकडे जातात. सहज वाचायला दर 10 फुटांना 1 इंच अक्षर धरा. 50 मीटर म्हणजे 164 फूट, अक्षर 16 ते 18 इंच. देवनागरीत वेलांटी-उकारासह तीच ओळ 30 इंच खाते. मथळा दोन ओळींत 60, पट्टी 36, नाव-नंबराला 24, झाले 120 इंच. यादीला जागाच उरत नाही हे बरंच आहे.

फ्लेक्स_छपाई:
पट्ट्या 12 बाय 3, चार मिळून 144 चौरस फूट. मूळ फलक 200. खर्च त्या हिशेबाने धरा. पट्टी चिकटवू नका, ऑक्टोबरच्या उन्हात कडा सुटतात आणि वाऱ्याने खालचं फ्लेक्सही फाटतं. आयलेट (कडेच्या भोकांतल्या धातूच्या कड्या) मारून दोरीने बांधा.

फोटो मोबाइलचा चालतो. 4000 पिक्सेल रुंद फोटो पूर्ण 20 फुटांवर ताणला तरी एक पिक्सेल दीड मिलिमीटरचा होतो, 50 मीटरवरून तो दिसत नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जाऊन जाळीचा चिखल होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

तळलेला रंग छपाईत काळपट उतरतो. त्याच मशीनवर 1 बाय 1 फुटाचा नमुना काढून उन्हात बघा, आणि पिवळा वाढवा. मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या आकृत्यांमध्ये, बदलूनच फाइल द्या. नाहीतर छापखान्याच्या संगणकावर तो फाँट नसला की रफार भलत्या अक्षरावर बसतो. चारी बाजूंनी 3 इंच जादा कापड ठेवा, ते फ्रेमवर दुमडलं जातं.

सूरसागर_काठ:
यादी काढायला गट तयार झाला! छापण्याआधी पारख कशी करायची? आणि फोन नंबर एक की दोन?

रावपुरा_1:
एकच, दहा आकडे 5-5 मध्ये तोडून. पारखेसाठी आडव्या ए-4 वर प्रिंट काढा. तो फलकाच्या साधारण विसाव्या हिश्श्याएवढा होतो, म्हणजे 8 फुटांवरून बघितला की 50 मीटरचा अंदाज येतो. तीन सेकंद दाखवून झाका आणि "काय विकतायत?" एवढंच विचारा. पाच जणांपैकी दोघे जरी "मिठाई" म्हणाले तरी जाळीचा फोटो आणखी जवळून घ्या.