दमट हवेत हलगी उतरते तेव्हा

रत्नागिरीच्या बंदराकडच्या मिरवणुकीत कोल्हापूरच्या हलग्या (गोल कड्यावर कातडं ताणलेली, दोन काड्यांनी वाजवायची वाद्यं) तासाभरात बद्द वाजू लागल्या, वाजवणारी पोरं कच्ची होती का, असा प्रश्न आलाय. दोष पोरांचा नाही. कातडं हवेतला ओलावा ओढतं आणि सैल पडतं. आधी बारीक काडीची कडकड जाते. टिपरूचा, म्हणजे दुसऱ्या हातातल्या जाड काडीचा, आवाज जरा वेळ तग धरतो, म्हणून लांबून सगळं ठीकच वाटतं. कोल्हापुरात खासबागेच्या मैदानात कुस्तीला हलगी जाळावर एकदा शेकून भागतं, तो हिशोब समुद्राकाठी धरू नका.

शेकताना वाळल्या गवताचा किंवा कागदाचा जाळ करून कातड्याची बाजू त्याकडे, हातभर लांब धरायची आणि कडं सतत फिरवत राहायचं. एकाच जागी धरलं की तिथलं कातडं आकसून कडेला तडकतं. टिचकी टणक लागली की लगेच बाजूला घ्या; जास्त तापलेली पहिल्याच जोरकस ठोक्याला फाटते. गर्दीत जाळ करता येत नाही, त्यामुळे माणशी दोन हलग्या हव्यातच: एक वाजवायला, एक मंडपापासून लांब शेकणाऱ्याकडे.

पावसाची सर आली तर सरळ कातड्याऐवजी फायबरची हलगी काढा. कानाला टोचते खरी, पण भिजलेलं कातडं घाईनं शेकण्यापेक्षा परवडलं. ते आधी सावलीत वाळू द्यावं.